अनुभव धागा : लहान मुलांचा खेळ आणि त्यांचे मन

सहा वर्षांखालील मूल आपले भय, राग किंवा दुःख शब्दांत क्वचितच सांगते, पण खेळताना ते सारे उघड करते. बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागांतील पालकांनी या विषयावरचे आपले अनुभव, मतभेद असल्यास त्यांसह, येथे लिहावेत अशी विनंती आहे.

एक आई, खानापूर तालुका

माझे सासरे पावसाळ्यात वारले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. तो रडला नाही. मात्र पुन्हा अंथरूण ओले करू लागला आणि रोज बाहुलीला पाटावर निजवून, वर माझी ओढणी घालून "आप्पा, उठा" म्हणू लागला. हे अशुभ आहे, त्याला थांबवा, असे नातेवाईक सांगत होते. सासूबाई मात्र ठामपणे म्हणाल्या, "खेळू दे त्याला. आपण रडून मोकळे झालो, त्याने काय करायचे?" खानापूरच्या पावसात बाहेर जाणे शक्यच नसल्यामुळे हा खेळ आमच्या सोप्यात पुष्कळ दिवस चालला. हळूहळू त्यात बदल होत गेला : बाहुलीला चहा मिळू लागला, मग ती शेतावर जाऊ लागली. अंथरूण ओले होणेही पुढे थांबले. ते केवळ खेळामुळे थांबले असा माझा दावा नाही. परंतु आजोबा गेले ही गोष्ट त्याने त्या पाटाभोवतीच समजून घेतली, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

एक वडील, बेळगाव शहर

आमच्याकडे दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. माझी मुलगी गर्दीला घाबरणारी आहे. थोरल्या मुलांनी तिच्याकडे बुरुजावर मोहरी पेरण्याचे आणि पाणी शिंपडण्याचे काम दिले, आणि अंकुर दिसू लागल्यावर ती अनोळखी माणसांनाही किल्ला दाखवू लागली. स्पर्धेच्या ओढीने मोठी माणसे किल्ला स्वतःच बांधू लागली, तर मुलांचे हे सारे जाते. पायऱ्या वाकड्या झाल्या तरी त्या मुलांनीच कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक आई, वडगाव

खेळ हवा हे मान्य आहे, पण कुठे? दाराबाहेर पाऊल टाकले की दुचाकी अंगावर येते. आम्ही दोघेही कामावर जातो. स्वयंपाक होईपर्यंत मुलगी मोबाईल पाहते. यावर उपाय कोणी सांगितला तर हवा आहे.

निवृत्त बालवाडी शिक्षिका, निपाणी

वडगावच्या ताईंची अडचण खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल सुचवली असून पडद्यासमोर बसण्याची मर्यादा एक तास ठेवली आहे. ती हालचाल एकाच वेळी किंवा मैदानावरच व्हायला हवी असे नाही. ताराबाई मोडक यांनी पाने, खडे, शिंपले अशा साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. स्वयंपाकाच्या वेळी मुलीला मटार सोलायला, डबे रचायला, कणकेचा गोळा मळायला द्यावा. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या आयांच्या मुलांना तंबाखूच्या धुळीपासून दूर ठेवण्यासाठी शेजारच्या आज्ज्या आळीपाळीने अंगणात घेऊन बसत. अशी आळीपाळी आपल्या गल्लीत जमते का, ते पाहावे.

एक वडील, चिकोडी तालुका

आमच्या मुलाला अंगणवाडीतले कन्नड समजत नसे, त्यामुळे तो दाराशीच बसून राही. बाईंनी त्याला बोलण्याचा आग्रह केला नाही. वाळू आणि करवंट्या पुढे ठेवल्या. एका मुलाने "बा, आट आडोण" (ये, खेळू या) म्हणत त्याचा हात धरला आणि दोघे मिळून वाळूची घरे करू लागले. मोठ्यांचे भाषेवरचे वाद त्या वाळूपर्यंत पोहोचले नाहीत, याचे मला मनापासून समाधान वाटते. घरी तो अजून कन्नड बोलत नाही, आम्हीही विचारत नाही; सकाळी मात्र चप्पल स्वतः घालून आमच्याआधी दारात उभा असतो.