१७७६ ला स्वातंत्र्य, १७८९ ला राष्ट्राध्यक्ष : मधल्या काळात अमेरिका चालवत कोण होतं?

पारावरचा_पाहुणा

जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. वॉशिंग्टनने शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ ला. मग मधली तेरा वर्षं देशाचा कारभार कोणाकडे होता? आपल्याकडे १९४७ ला सचिवालय, रेल्वे, तिजोरी सगळं जागेवर होतं, फक्त खुर्चीतली माणसं बदलली. तिकडे इंग्रज गेल्यावर कोणी काय ताब्यात घेतलं? जाणकारांनी सांगा. विकीची लिंक नको, वाचून झालीय.

डेलावेअरकाठी

पाहुणेसाहेब, फिलाडेल्फियाजवळ राहत असल्याने भारतातून आलेला प्रत्येक नातेवाईक इंडिपेन्डन्स हॉलला न्यावा लागतो. त्यामुळे हे पुराण तोंडपाठ आहे.

ताब्यात घ्यायला मध्यवर्ती असं काही नव्हतंच. वसाहती तेरा, प्रत्येकीचा थेट लंडनशी संबंध, प्रत्येकीची स्वतःची विधानसभा. राजाचे गव्हर्नर पळाले, विधानसभांतली माणसं तिथेच राहिली. बहुतेकांनी लगेच आपापल्या राज्यघटनाही लिहून काढल्या. ते जड गेलं नाही. घोडं अडलं ते तेरांच्या डोक्यावर कोणाला बसवायचं इथे. नुकताच एक राजा उतरवलेला, दुसरा कोणाला हवा होता?

म्हणून ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ नावाचा करार. काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केला, पण सगळ्यांच्या सह्या व्हायला १ मार्च १७८१ उजाडलं. मेरीलँड अडून बसलं होतं: व्हर्जिनिया वगैरेंनी पश्चिमेकडच्या जमिनींवरचा हक्क आधी सोडावा. करारात राष्ट्राध्यक्ष नाही, देशाचं न्यायालय नाही. मोठ्या निर्णयाला नऊ राज्यांची मतं लागणार, दुरुस्तीला तेराच्या तेरा. आणि कर लावायचा अधिकारच नाही! पैसे लागले की राज्यांकडे मागणी पाठवायची आणि वाट बघत बसायचं. मेंटेनन्स ऐच्छिक केला तर लिफ्टचं काय होईल, ते कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. आयातीवर पाच टक्के जकात लावू द्या म्हणून काँग्रेसने विनवण्या केल्या. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, विषय संपला.

माझी आवडती गोष्ट जून १७८३ ची. पगार थकलेल्या सैनिकांनी या हॉललाच वेढा घातला. काँग्रेसने पेनसिल्व्हेनियाकडे बंदोबस्त मागितला, राज्याने दिला नाही, आणि ज्यांनी ब्रिटिश साम्राज्याला नमवलं ते आपल्याच पलटणीला भिऊन प्रिन्स्टनला पळाले. पुढे इंग्रजांशी युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहाला मान्यता द्यायची तर नऊ राज्यांचे सदस्यच जमेनात. १४ जानेवारी १७८४ ला कसाबसा कोरम झाला.

मग मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी उठले, त्यांतले बरेच युद्धात लढलेले. त्यांनी कोर्टं बंद पाडली, जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसकडे दमडी नाही. बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी भागवला. पैसेवाल्यांची झोप उडाली ती तेव्हा.

त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यांचे ५५ प्रतिनिधी बसले. खोली साधारण चाळीस फूट लांब-रुंद, टेबलांवर हिरवी कापडं. बातमी फुटू नये म्हणून खिडक्या बंद, अंगात कोट. बोलावलं होतं करारात दुरुस्ती करायला, त्यांनी करारच गुंडाळून नवी घटना लिहिली. वर नवा नियम केला की तिच्या मंजुरीला नऊ राज्यं पुरेत, तेरांची गरज नाही. माझ्या मते हे दुसरं बंडच होतं, फक्त शाईने केलेलं. सप्टेंबरमध्ये ३९ जणांनी सह्या केल्या. तुमच्या ओळखीचं अमेरिकी सरकार तिथून सुरू होतं.

मोडीवाचक

भर घालतो. १७८१ ला यॉर्कटाउनच्या लढाईत अमेरिकनांकडून हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरणागतीच्या वेळी आजारपणाचं निमित्त सांगून आलाच नाही, तलवार द्यायला हाताखालच्या ओहाराला पाठवलं. शिक्षा? १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला! १७९२ ला श्रीरंगपट्टणाला टिपूविरुद्ध आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बरोबर होते. तिकडे वसाहत गेली, इकडे पाय रोवले.

गुलमोहर

काका, सगळं छान, पण गुलामांचं एका ओळीतही नाव नाही?

डेलावेअरकाठी

गुलमोहरताई, बरोबर पकडलंत. प्रतिनिधिगृहातल्या जागा मोजताना पाच गुलामांचे तीन धरायचे, असा सौदा त्याच खोलीत झाला. मत गुलामाला नाही, त्याच्या नावावर जास्तीच्या जागा मालकाच्या राज्याला. आणि गुलाम आणायच्या व्यापारावर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही, हेही घटनेतच लिहिलं. दक्षिणेकडची राज्यं नाहीतर उठून गेली असती, असं समर्थन गाईड देतात. मला ते पटत नाही. जॉर्जिया एकटं पडून जाणार होतं कुठे?

पारावरचा_पाहुणा

दोघांचेही आभार. एक शेवटचं: ते ऱ्होड आयलंड नव्या घटनेला तरी हो म्हणालं का?

डेलावेअरकाठी

फिलाडेल्फियाला त्यांनी माणूसच पाठवला नव्हता! वॉशिंग्टनला शपथ घेऊन वर्ष उलटलं तरी हे बाहेरच. शेवटी त्यांच्याशी व्यापार बंद करण्याचं विधेयक सिनेटने मंजूर केलं, तेव्हा २९ मे १७९० ला होकार आला. ३४ विरुद्ध ३२.