रूट्स रॉक : मुळे कोणाची आणि नाव कोणाचे?

पाचवी तार :
तबकडीप्रेमी यांनी काल येथे लिहिले की, रूट्स रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील लोकसंगीत, ब्लूज आणि कंट्री यांवर उभे राहिलेले रॉक, वाजवणाऱ्या ‘द बँड’ या वाद्यवृंदाच्या पाच जणांपैकी चौघे कॅनडाचे आणि ‘क्रीडन्स’ या वाद्यवृंदाचे चौघेही कॅलिफोर्नियाचे असल्यामुळे हे संगीत म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली माती कपाळाला लावून मिरवणे होय, अस्सल ऐकायचे असेल तर जुनी लोकगीते गाणाऱ्या कार्टर कुटुंबापाशीच थांबावे. हे वाचून मला राहवले नाही. १९२७ मध्ये अमेरिकेतील ब्रिस्टल येथे ध्वनिमुद्रण करणारे राल्फ पियर यांच्यासमोर गायलेले कार्टर कुटुंब तरी कोठे स्वयंभू होते? ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात गाणी गोळा करत हिंडत, तेव्हा ते शब्द लिहून घेत आणि चाली लक्षात ठेवण्याचे काम सोबतचे कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल करत. बँजो या तंतुवाद्याचे मूळ आफ्रिकेत आहे. कंट्री गायक हँक विल्यम्स यांचे गुरू रूफस पेन हे रस्त्यावर वाजवणारे कृष्णवर्णीय वादक होते. जन्मगावाचा दाखला मागू लागलात, तर या संगीतात कोणीच उरणार नाही.

मग ऐकायचे काय? ‘द बँड’च्या १९६९ च्या तबकडीवरील ‘रॅग मामा रॅग’ ऐका. तेथे ड्रमवादक लेव्हन हेल्म मँडोलिन वाजवत गातात, बेसवादक रिक डँको फिडल (व्हायोलिन) धरतात, पियानोवादक रिचर्ड मॅन्युएल ड्रमवर बसतात आणि बेसची जागा निर्माते जॉन सायमन ट्युबा या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याने भरून काढतात. जो तो गिटारचे एकल वादन लांबवत होता त्या काळात हे पाच जण एकमेकांसाठी जागा सोडत होते.

तबकडीप्रेमी :
रिडल यांचे उदाहरण तुम्हीच दिलेत, ते बरे झाले. त्यांनी चाली लक्षात ठेवल्या आणि तबकडीवर नाव लागले ए. पी. कार्टर यांचे. माझा आक्षेप नेमका हाच आहे, आणि ‘द बँड’मध्येही तेच घडले. आर्कान्सामधल्या कापसाच्या शेतात वाढलेले एकटे हेल्म. गीतकार म्हणून नाव मात्र बहुतांश टोरोंटोचे गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांचे. हेल्म यांनी १९९३ च्या आत्मचरित्रात याबद्दलचा संताप लपवलेला नाही. गाण्यातली माती त्यांची, आवाज त्यांचा आणि मानधन दुसऱ्याचे!

गोदाकाठ :
मी येथे सहसा लिहीत नाही. पण हा विषय माझ्या घरातला आहे. माझे वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांनी बांधलेली एका अभंगाची चाल पुढे एका कॅसेटवर आली आणि वेष्टनावर छापले होते, ‘चाल : पारंपरिक’. वडील काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतर त्यांनी ती चाल कधी वाजवली नाही. ‘परंपरा’ हा शब्द दिसला की कोणाचे तरी नाव त्याखाली झाकले गेले असावे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पाचवी तार :
तुमच्या वडिलांवर अन्याय झाला, यात शंका नाही. परंतु चाल बांधणे वेगळे आणि दुसऱ्याने लिहिलेल्या गाण्याला ठेका देणे वेगळे. हक्क शब्दांना आणि चालीला मिळतात, ठेक्याला नाही. रॉबर्टसन रोज बसून लिहीत होते. इतरांनीही लिहायचे होते. घरातल्या दुःखाने या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

गोदाकाठ :
वडिलांचे दुःख मी वाद जिंकण्यासाठी येथे आणले, असे सुचवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि ‘इतरांनीही लिहायचे होते’ म्हणता, तर १९६८ च्या पहिल्या तबकडीवरील चार गाण्यांना मॅन्युएल यांचे नाव आहे, हे तुम्ही का सांगत नाही? १९७१ च्या चौथ्या तबकडीवर ते एकाही गाण्याला नाही. तेथपर्यंत पोचताना त्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही? तुम्हीच वाखाणलेली ती सोडलेली जागा नसती, तर रॉबर्टसन यांच्या वहीतले शब्द वहीतच राहिले असते.

ऑन्टॅरिओकर :
नावाच्या वादात मूळ प्रश्न हरवत आहे, म्हणून लिहितो. डँको कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ज्या सिमको परिसरातले, तेथून मी कामानिमित्त अनेक वर्षे जात-येत आहे. तो तंबाखूच्या शेतीचा मुलूख आहे. हिवाळ्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम हे कंट्री संगीत ऐकवणारे ५० हजार वॅटचे रेडिओ केंद्र रात्री हवा स्वच्छ असली की सीमेपलीकडेही ऐकू येत असे. शेतावरच्या घरात रेडिओभोवती बसून जो मुलगा ते ऐकत वाढतो, त्याला परका कसे म्हणायचे? आणि रॉबर्टसन यांना नुसते ‘टोरोंटोचे’ म्हणणेही अपुरे आहे. त्यांच्या आई मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या होत्या आणि गिटारचे पहिले धडे त्यांनी सिक्स नेशन्स या मूलनिवासींच्या वस्तीतल्या नातेवाइकांकडून घेतले.

पाचवी तार :
गोदाकाठ, ते वाक्य मी लिहायला नको होते, मागे घेतो. मॅन्युएल यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. कायद्याबद्दलचे माझे मत मात्र तसेच आहे.

गोदाकाठ :
कायदा मलाही ठाऊक आहे. घशाच्या कर्करोगातून उठलेल्या हेल्म यांना उपचारांची देणी फेडण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकच्या राहत्या घरी, धान्याच्या कोठारासारख्या जागेत, तिकीट लावून मैफली कराव्या लागल्या, हेही ठाऊक आहे. त्या फाटलेल्या आवाजातली २००७ ची तबकडी मी वडिलांना ऐकवली होती. शब्द त्यांना कळले नाहीत. ‘हा माणूस शेतातला आहे,’ एवढेच ते म्हणाले.

तबकडीप्रेमी :
चौघे कॅनडाचे होते एवढ्यावरून मी निकाल दिला, तो घाईचा होता. ऑन्टॅरिओकरांचे हे म्हणणे मान्य करावे लागत आहे. काल रात्री ते ट्युबाचे गाणेही पुन्हा ऐकले. इतकी वर्षे मी त्याला बेस समजत होतो. तेवढे श्रेय पाचवी तार यांना देतो. रिडल यांचे नाव तबकडीवर हवे होते, यावरून मात्र मी हटणार नाही.