मदत हवी आहे: घोड्यांसोबतच्या सेशनसाठी मुलाची तयारी कशी करू?

नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या 9 वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचं पुढच्या आठवड्यात घोड्यांसोबत पहिलं सेशन आहे. स्वारी अजिबात नाही. खरारा करायचा, दोर धरून चालवायचं, कान बघून घोड्याचा मूड ओळखायचा. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं, हे त्याला चित्रं काढून समजावलंय. बंद बूटही घेतले. अडचण वासाची आहे. लिदीचा वास आला की हा गाडीतून उतरणारच नाही! (आजोळच्या गोठ्यातही नाक दाबूनच उभा होता.) घरी आधी काही सवय करता येईल का? आणि आनंद झाला की तो जोरजोरात हात फडफडवतो, त्याने घोडा बिचकेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा ना.