एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळाव्यात का?

सातपुडेकर: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि आफ्रिकेतले कितीतरी एचआयव्ही दवाखाने अडचणीत आले. आपल्याकडे एआरटी २००४ पासून सरकारी खर्चाने मोफत, म्हणून आपण निर्धास्त. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावरचा माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. गोळ्या संपल्या की उपचारात खंड पडतो. त्याची बोली, टोळी, मुकादम हे सगळं ठाऊक असलेली आशाताई गावातच आहे. तिला तयार करा, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा.

केळीवाला, रावेर: भो, कागदावर झकास आहे. केंद्रात गोळ्या देणारी बाई आमच्या मावशीची नणंद निघते! रांगेत दिसलो की संध्याकाळी पारावर चर्चा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गुप्तता पाळा म्हणतो, पण पारावर कोण कायदा वाचतो? लोक मुद्दाम तालुका सोडून लांब जातात ते उगाच नाही.

सातपुडेकर: रावेरहून गाडी धरून जळगाव गाठता येतं. तोरणमाळहून गोळ्यांसाठी नंदुरबारला जायचं तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. लांब जायचं त्याने खुशाल जावं. तुमच्या पारापायी आमच्या लोकांनी का हेलपाटे घालायचे?

धुळ्याची ताई: दोघंही गोळ्यांवरच अडलात. मी कंत्राटी समुपदेशक आहे. आता बहुतेकांना तीन औषधांची मिळून रोज एकच गोळी असते, ती कोणीही देईल. डबी वाजू नये म्हणून बाया तिच्यात कापूस कोंबतात. सासूला कळू नये म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यात जातात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वाढला की हे सगळं हळूहळू बोलतं करून काढावं लागतं. त्यात मुरायला वर्षं जातात, आणि आमचा जीव दरवर्षी कंत्राट वाढवण्याच्या ऑर्डरकडे लागलेला. शिकलेलं माणूस बरी नोकरी मिळाली की निघून जातं. आधी ते थांबवा. आशांच्या डोक्यावर रजिस्टरांचा ढीग आहेच, त्यात हे नको.

केळीवाला, रावेर: कायम केलं की काम सुधारतं? आमच्या तालुक्यातले कायमवाले किती वाजता उगवतात ते बघायला या एकदा.

सातपुडेकर: बरं, आशा नको. मग टोळी निघायच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या. पण टोळी कधी निघते ते तुम्हाला धुळ्यात बसून कळणार कसं? ते आशालाच कळतं.

धुळ्याची ताई: कळतं की. पण त्या टोळीत आमचा रुग्ण कोण, हे तिला सांगायचं तर त्याची लेखी संमती लागते. आणि पहिल्या भेटीत ती कोणी देत नाही.