मदत हवी आहे: जेल रोडचं घर आवरून लहान फ्लॅटमध्ये जातोय, ह्यांना अल्झायमर आहे

गोदाकाकू

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचत आले, तेही पाककृती आणि बागकाम. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकरोडला जेल रोड भागात राहतो. जुनं रो-हाऊस, खाली हॉल नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू. हे सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट छापतात ती प्रेस. ह्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं करून झालं. कधीकधी मुळाशी तेवढंच निघतं आणि औषधाने माणूस सुधारतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्याकडे तसं निघालं नाही. आता रात्री डोनेपेझिलची गोळी चालू आहे.

जिना आता धोक्याचा झालाय, आणि मी एकटी किती पुरणार? लेक गंगापूर रोडला राहते. तिच्याच सोसायटीत लिफ्ट असलेला वन बीएचके बघितलाय. हे घर विकायचं, सामान एक चतुर्थांशावर आणायचं. सामान कमी करायला मला काही वाटत नाही, खरं सांगते. माळ्यावरून लग्नातली घागर, घंगाळ, बंब, कुणाकुणाच्या बारशाचे स्टीलचे डबे असं काय काय निघालं. नातेवाईक "जीव तुटत असेल ना" म्हणतात. मला तर डबे उतरवताना पाठ मोकळी झाल्यासारखं वाटलं!

प्रश्न ह्यांचा आहे. हे रोज सकाळी मुक्तिधामला, म्हणजे इथल्या देवळात, जातात. तिथे भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेले आहेत, ते बोट फिरवत वाचतात. नातवाचं नाव आठवत नाही, पण श्लोकाची पहिली ओळ मी म्हटली की दुसरी ह्यांच्या तोंडून येते. पूर्वी एकटे जायचे. मग एकदा बिटको चौकातून भलतीकडेच वळले, ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. तेव्हापासून मी बरोबर असते. गंगापूर रोडला हे सगळं नसेल.

दुसरं म्हणजे, संध्याकाळ झाली की "चला, आता घरी जाऊ" सुरू होतं. घरातच बसून! आधी मी समजावायचे की अहो, हेच आपलं घर. मग विचारलं, घर म्हणजे कुठलं? तर चांदोरीचं, लहानपणचं. म्हणजे जेल रोडचं घर त्यांच्या लेखी संध्याकाळी तसंही परकंच असतं. मग ते सोडल्याने नेमकं काय जाणार, हे मला कळत नाही.

आणि एक गोष्ट, जी नातेवाइकांपुढे बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. ह्या आजाराने काही देऊनही टाकलंय. चांदोरीच्या जमिनीवरून धाकट्या दिरांशी बोलणं बंद होतं. हे भांडणच विसरले. मध्ये एकदा "नाना आला नाही का जेवायला?" म्हणाले. मी फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी दीर द्राक्षांची पेटी घेऊन दारात. दोघं ओट्यावर बसून बालपणीच्या विहिरीबद्दल बोलत राहिले आणि मी आत चहा दोनदा उकळला, मुद्दाम.

माझ्या स्वयंपाकाला उभ्या संसारात दाद मिळाली नव्हती. आता साध्या पिठल्यालाही "कोणी केलं? झकास झालंय" म्हणतात. परवा मला नाव विचारलं. सांगितलं तर म्हणाले, "माझ्या मिसेसचंही हेच नाव." मी विचारलं, कशा आहेत त्या? "चांगली आहे. जरा तापट आहे." काय बोलणार!

तर ज्यांनी अशा माणसाला घेऊन घर बदललंय त्यांनी सांगा: न्यायचं काय? आवरायला ह्यांना बरोबर घ्यायचं की लेकीकडे ठेवून आपण उरकायचं? आणि घर विकतोय हे सांगायचं का?

इंद्रायणी_के

काकू, सासूबाईंना घेऊन आम्ही दोन वर्षांपूर्वी घर बदललं. पहिली गोष्ट: नव्या घरात काकांची खोली सगळ्यात आधी लावा, बाकी खोकी पडू देत. पलंग तोच, चादर तीच, न धुतलेली चालेल. पलंगावरून उठल्यावर बाथरूम ज्या हाताला आत्ता आहे, जमल्यास त्याच हाताला. रात्री बाथरूमचा दिवा चालू, दार उघडं. आतली कडी काढूनच टाका, आमच्या सासूबाई आत अडकल्या होत्या. हलायचं ते सकाळी. संध्याकाळी त्यांची घालमेल असते, त्या वेळी खोकी दिसली तर रात्रभर तेच चालेल.

आणखी एक, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या घरात गोंधळ एकदम, एक-दोन दिवसांत वाढला तर लगेच घराला दोष देऊ नका. डॉक्टरांना दाखवून लघवी तपासा, पोट साफ होतंय ना बघा. म्हाताऱ्या माणसात साधं इन्फेक्शनही असंच बाहेर पडतं. आणि रात्री स्वप्नांनी दचकून उठत असतील तर गोळीच्या वेळेबद्दल विचारा, काहींना ती सकाळी देतात.

चौथा_प्लॅटफॉर्म

आवरताना त्यांना लांब ठेवा असं मी म्हणेन. प्रत्येक वस्तू परत आत जाते, स्वानुभव. वडिलांनी रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून छत्री परत आणली होती, मोडकी.

अ‍ॅड_पंचवटी

ताई, सामानाआधी कागद बघा. घर दोघांच्या नावावर आहे का? असेल तर खरेदीखताला दुय्यम निबंधकांपुढे काकांना स्वतः यावं लागेल, फोटो आणि अंगठा होतो. सही झोकात येते म्हणजे व्यवहार कळतो असं नाही, आणि कायदा बघतो तो कळण्याकडे. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे एरवी भान नसलेला माणूसही भान असलेल्या वेळी करार करू शकतो. म्हणून त्यांना चांगलं कळतं त्या वेळी, त्याच सुमारास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन, हे उरका. "मुखत्यारपत्र करून ठेवू, मग बघू" ह्या भरवशावर बसू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की ते आपल्याकडे चालत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, ते वेळखाऊ आहे. पेन्शनचं खातं जोड नावावर नसेल तर तेही आत्ताच करा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत रांगेला न्यायची गरज नाही.

इंद्रायणी_के

@चौथा_प्लॅटफॉर्म, छत्री परत आली तर आली हो! घरातल्या वस्तू पाठीमागे गायब झाल्या तर "चोरी झाली" सुरू होतं, ते जास्त वाईट. काकू, काकांना हाताला काम द्या. प्रेसमध्ये नक्की काय करायचे?

गोदाकाकू

तपासणीत होते. शीट बघायचे, मोजायचे. अजून वर्तमानपत्र हातात आलं की कोपऱ्यातून पानं सरकवून मोजतात, अंगठा असा फिरतो की बघत राहावं.

इंद्रायणी_के

मग रद्दी त्यांच्याकडे! मोजून गठ्ठे बांधायला द्या.

सायखेडकर

काकू, मी चांदोरीच्या शेजारचाच. घर विकतोय हे एकदा शांतपणे सांगा, रोज नको. रोज सांगितलं तर रोज नव्याने घर जाईल. "घरी जाऊ" म्हणाले की आम्ही आजोबांना समजावत नसू, "चला" म्हणून चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचो. परत आल्यावर घरी आलो म्हणून खूश. मुक्तिधामला आठवड्यातून एकदा गाडीने आणा, बाकी दिवस सोमेश्वरचं देऊळ जवळ आहे, नदीही आहे. खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी शर्ट बदलला तरी हवीच. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट. मन मोकळं करायलाही फोन केलेला चालतो.

गोदाकाकू

सगळ्यांना धन्यवाद. वकीलसाहेब, घर दोघांच्या नावावरच आहे. डॉक्टरांची वेळ घेतली, सकाळची. सकाळी हे अगदी व्यवस्थित असतात, घराचा भाव कमी येतोय हेही त्यांनीच सांगितलं!

रद्दी दिली. इंद्रायणी, शंभर-शंभरचे गठ्ठे झाले, सुतळीची गाठ सगळ्यांवर एकाच जागी. रद्दीवाला वजन करायला लागला तर हे म्हणाले, "मोजून घ्या, कमी भरणार नाहीत." त्या बिचाऱ्याने चार गठ्ठे खरंच मोजले. त्या संध्याकाळी "घरी जाऊ" आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. मी "चला" म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन परत आलो.

न्यायच्या वस्तूंची यादी लहान झाली: पलंग, त्यांची खुर्ची, देव, दोन पातेली, पिठल्याची कढई. गीतेच्या पोथीची अक्षरं बारीक आहेत, लेक मोठ्या टायपातली आणतेय. भिंतीवर पहिल्या अध्यायाची पानं चिकटवणार आहे, उभं राहून वाचायची सवय आहे म्हणून. जावई म्हणाले रंग खराब होईल. होऊ दे.

पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयात विचारून येते, सगळी घेतील असं नाही. तांब्यापितळेचं तांबट गल्लीत मोडीत देणार आहे, पण बंब मोडीत द्यायला हात होत नाही, एवढा एकच. तोटी गळते, बाकी उत्तम पेटतो. कुणाकडे अंगण असेल आणि खरोखर वापरणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत, न्यायला मात्र स्वतः यावं लागेल, जड आहे.