मदत हवी आहे: पोरांकडून घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घेतली आणि प्रकरण अंगाशी आलं

नमस्कार मंडळी. मी वाशीम जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, सातवी-आठवी. जवळपास सगळी पोरं शेतकऱ्यांच्या घरची, आणि शेत म्हणजे खरिपात सोयाबीन-तूर, दुसरं फार काही नाही. शेतीची माहिती पोरांमार्फत घरी पोचवावी असं दोन-तीन वर्षं डोक्यात होतं. आधी पत्रकं दिली, बीजप्रक्रिया करा, 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका वगैरे. ती पत्रकं नंतर वह्यांच्या कव्हरला दिसली 😅 एका पोराने घरी वाचून दाखवलं तर आजोबा म्हणाले, हे मले सांगतं का बे.

म्हणून यंदा सांगायचं सोडलं आणि मोजायला लावलं. प्रत्येकाने घरच्या बियाण्यातून 100 दाणे आणायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा वर आले तर एकरी 30 किलो बियाणं हा नेहमीचा हिशोब, कमी आले तर त्या प्रमाणात वाढवायचं, म्हणजे 60 आले तर 35 किलो. आठवीच्या गणितात व्यस्त चलन आहेच, फळ्यावर तेच उदाहरण घेतलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मागच्या बाकावरच्यांनी पण वही उघडली. आकडे घरी गेले तसे चार-पाच बाप स्वतः शाळेत विचारायला आले, जे पालकसभेला कधी येत नाहीत. मी हवेत होतो.

आता घोळ. आठवीतल्या एका मुलीच्या बियाण्याचे 48 च उगवले. मी मूर्खासारखे सगळ्यांचे आकडे नावासकट भिंतीवर तक्ता करून लावले होते. तिच्या वडिलांनी ते बियाणं शेजारच्या दोघांना द्यायचं कबूल केलं होतं, त्यातल्या एकाचा पोरगा त्याच वर्गात, संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मास्तर, आता पोट्टी मले शेती शिकवनार का?" मुलगी तीन दिवस शाळेत नाही. तक्ता मी काढलाय पण त्याने काय होतंय.

मला विचारायचंय की आता त्या घरी जाऊन काय बोलू. आणि उपक्रम बंद करू की वेगळ्या पद्धतीने चालवू, कारण मेमध्ये सुट्ट्या, विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तोवर पेरणी तोंडावर असते, म्हणजे जे काय करायचं ते आत्ता एप्रिलमध्येच.

बांधावरून: सर, आधी एक सांगा, दाणे कुठून घेतले होते? पोरं पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठ भरतात. सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं काढून, मिसळून मग 100 मोजायचे, आणि एकदा नाही, निदान तीनदा. गोणपाट चिंब ठेवलं तरी दाणा कुजतो, ओलसर पाहिजे, पाणी गळायला नको. 48 खरा आकडा आहे हेच अजून ठरलेलं नाही माझ्या मते.

कृषीकन्या_माजी: आम्ही कृषी पदवीच्या सातव्या सेमिस्टरला गावात राहून हेच करायचो. पहिल्याच आठवड्यात शिकलो की आकडा ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. नमुन्यांना नंबर द्या, नावं नको. आणि दादा, आईला विचारलंत का कुणी? आमच्या गावात बियाणं निवडणं, वाळवणं, राखणं सगळं बायकांकडे, आणि आपण चर्चा करतो बापांशी. मुलीच्या आईशी पण बोला.

सोयाबीनवाला: आकडा खरा निघाला तरी त्यात त्या भाऊंची चूक असेलच असं नाही. सोयाबीनचं टरफल पातळ, थ्रेशर जोरात फिरवलं, पोत्यांची थप्पी उंच लावली, वरून पोतं आपटलं की दाणा दिसायला ठणठणीत आणि आतून गेलेला. माझं स्वतःचं एकदा पन्नाशीत आलं होतं, सरळ बाजारात विकलं. हे त्यांना सांगा, आणि हेही की शेजाऱ्याच्या रानात दुबार पेरणी आली असती तर बोलणं जास्त बसलं असतं. पण हे दुसरं वाक्य पहिल्या भेटीत नको 🙂

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. दाणे कुठून घेतले हे मी विचारलंच नव्हतं, लाज वाटली वाचून. उद्या तक्त्याबद्दल माफी मागायला जातोय, मुख्याध्यापक बाईंना सोबत घेतोय म्हणजे आईशी पण बोलता येईल. तीन गोणपाटं नेतो, दाणे तेच काढतील, तेच मोजतील, मुलीला मध्ये घालत नाही. एकच शंका, इकडे पारा 42 ला टेकलाय, त्यांच्या घरावर पत्रे, गोणपाट दुपारपर्यंत कोरडं ठक्क होईल. ठेवायचं कुठे?

बांधावरून: रांजणाखाली. झिरपतं तेवढं पाणी पुरतं, आणि येता-जाता घरातल्या सगळ्यांच्या नजरेत राहतं.

धागाकर्ता: हे भारी. आमच्या घरी पण एक ठेवतो तसंच. आकडा त्यांचा आहे, त्यांनी हो म्हटलं तरच इथे टाकीन. मुलगी शाळेत आली की मात्र नक्की कळवतो.