यास्त्रेम्स्काचे यश अचानक आलेले नाही
पात्रता फेरीतून येऊन २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी गाठणे हा युक्रेनची टेनिसपटू दयाना यास्त्रेम्स्का हिच्या नशिबाचा भाग होता, हे काहींचे मत मला पटत नाही. पहिल्याच फेरीत तिने आदल्या वर्षीच्या विम्बल्डन विजेत्या वोंद्रोउशोवाला ६-१, ६-२ असे हरवले आणि पुढे याच स्पर्धेच्या माजी विजेत्या अझारेंकालाही घरी पाठवले. नशीब इतके दिवस साथ देत नाही. १९ वर्षांची असतानाच तिच्या नावावर डब्ल्यूटीए या महिला टेनिस मालिकेतील तीन विजेतेपदे होती. मधल्या वर्षांत तिच्या कामगिरीत झालेली घसरण खरी आहे, पण २०२१ मधील उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात ती अखेर निर्दोष ठरली तरी तोपर्यंत काही महिने तिला खेळताच आले नव्हते, ही बाब असे मत मांडणाऱ्यांनी लक्षात घेतलेली दिसत नाही.

फ्रान्समधील लिऑं येथील २०२२ च्या स्पर्धेचाही उल्लेख व्हायला हवा. रशियाच्या आक्रमणानंतर ओडेसातील भूमिगत वाहनतळात दोन रात्री काढून, आईवडिलांना मागे ठेवून, ती धाकट्या बहिणीसह रोमानियामार्गे फ्रान्सला पोहोचली आणि त्याच स्पर्धेत थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. तिथे चीनच्या झांग शुआईविरुद्ध पहिला सेट जिंकूनही ती हरली. बक्षिसाची रक्कम मात्र तिने युक्रेनच्या मदतीसाठी दिली. तिच्या खेळात सातत्य नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, कारण प्रत्येक चेंडू सपाट आणि जोरात मारण्याच्या शैलीत चुका होणारच.